हात गेल्यावर लागू होणारा कायदा

थ्रेशरवर मजुराचा हात गेला की आमच्या भागात गावाचा निकाल तासाभरात लागतो. त्याचीच चूक. घास जास्त रेटला, झोपेत होता, गळ्यातला रुमाल आवरला नव्हता. मी सावद्यात शेती अवजारांचं वर्कशॉप चालवतो. हे निकाल माझ्या दारातच ऐकायला मिळतात, कारण माणूस दवाखान्यात गेला की मशीन माझ्याकडे येतं. ‘काका, शाफ्टमधलं फडकं काढून द्या, बेअरिंग बघून घ्या, मका उघड्यावर पडलाय.’ मी मशीनभोवती एक चक्कर मारतो. ज्या जागी पत्र्याचं गार्ड असायला हवं तिथे नुसती बोल्टची भोकं असतात. चूक कोणाची, याचं माझं उत्तर त्या भोकांपाशी सुरू होतं.

सावदा म्हटलं की बाहेरच्या माणसाला केळी आठवते, स्टेशनातून दिल्लीकडे गेलेले केळीचे वॅगन आठवतात. पण केळीच्या या पट्ट्यातही गहू, हरभरा, ज्वारी, मका होतोच. रावेरकडे हळद आहे, पलीकडे जळगावपर्यंत कपाशी आणि तिची जिनिंग. या प्रत्येक मालामागे एक फिरणारं यंत्र आहे. मळणीला थ्रेशर, चाऱ्याला कुट्टी मशीन, हळदीला पॉलिशचा ड्रम, कपाशीला जिन. केळीचे वेफर पाडणाऱ्या शेडमध्येही मोटारीवर फिरणारं पातं असतं. दरेक यंत्राला तोंड असतं, आणि त्या तोंडाशी माणूस उभा असतो.

थ्रेशरचंच सांगतो, कारण ते मी सगळ्यात जास्त खोललं आहे. भारतीय मानकात, आयएस ९०२० मध्ये, घास घालायची पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब असावी आणि ड्रमकडची ४५० मिलिमीटर वरून झाकलेली असावी असं सांगितलं आहे. ४५० मिलिमीटर म्हणजे दीड फूट. मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत मोजून बघा, जवळपास तेवढंच भरेल. ते झाकण जागेवर असलं की सरळ उभ्या माणसाची बोटं सहसा ड्रमपर्यंत पोचत नाहीत. इतका साधा विचार आहे त्यामागे. ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक त्यात सापडल्यावर ‘बंद करा’ म्हणायला बाई तोंड उघडते तोवर लुगडं गुंडाळलं गेलेलं असतं. त्या शाफ्टवर प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कवच यावं म्हणून कंपनी ते देते. आमच्याकडे ते पहिल्या हंगामात तुटतं आणि दुसऱ्या हंगामात कोणी आणत नाही.

पन्हळीवरचं झाकण तुटत नाही, ते कापलं जातं. ओलसर मका आला, ताट लांब राहिलं, की झाकणाखाली अडतं. थ्रेशरवाला तासावर किंवा क्विंटलवर पैसे घेतो. पुढच्या शेतकऱ्याचा फोन येत असतो. आभाळ आलेलं असतं. मग झाकण काढतात, घास भराभर जातो, दिवसात आणखी दोन शेतं उरकतात. हे मी मालकाला वाईट ठरवायला सांगत नाही. झाकण काढल्यानं पैसा वाढतो आणि तो पैसा कोणाच्या खिशात जातो, एवढं नोंदवून ठेवतो. घास घालणाऱ्या मजुराला रोज तेवढाच मिळतो.

माझ्या माहितीतला एक पोरगा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. मुकादमानं आणलेला, थ्रेशरवर घास घालायला लावलेला. उजवा हात मनगटाच्या वर गेला. शेतकरी म्हणाला, मशीन माझं नाही. मशीनवाला म्हणाला, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणाला, मी तर स्वतः मजूर. तिघांनी मिळून दवाखान्याचं बिल भागवलं, वर काही रोख रक्कम दिली आणि शंभराच्या स्टॅम्पवर पोराच्या बापाचा अंगठा घेतला, की आता आमची काही मागणी नाही. गावातल्या भल्या माणसांनी बसून केलेला हा समझोता होता. त्या बैठकीत कोणाच्या मनात कपट होतं असंही मला वाटत नाही. पण तो कागद कायद्यापुढे कोरा होता, आणि हे त्या ओट्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं.

कामगारांच्या भरपाईचा कायदा १९२३ चा. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, पण हाडं तीच आहेत. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्द समजावा, असं तो कायदा स्पष्ट सांगतो. माणूस मेला असेल तर भरपाईची रक्कम थेट घरच्यांच्या हातात देऊन चालतच नाही, ती आयुक्तांकडे भरायची असते. वाड्यावर मोजलेल्या नोटा कायद्याच्या हिशेबी भरपाई ठरत नाहीत. रक्कम महिन्याभरात भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. अर्ज करायला दोन वर्षं मुदत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मजुराचा निष्काळजीपणा हे मालकाचं उत्तर होऊ शकत नाही. दारूच्या नशेत असणं, मुद्दाम नियम मोडणं, मुद्दाम गार्ड काढणं, अशा मोजक्या सबबी आहेत, पण मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर त्याही चालत नाहीत. ‘त्याचीच चूक’ हा गावाचा निकाल कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीच बाजूला ठेवला आहे.

मालक कोण, या प्रश्नालाही उत्तर आहे. आपल्या धंद्यातलं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी भरपाईची पहिली जबाबदारी काम करून घेणाऱ्याची. नंतर त्यानं ठेकेदाराकडून वसूल करावी. मळणी करून देणं हाच ज्याचा धंदा आहे, त्याला मुकादमाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही.

आता हिशेब करू. कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या तुकड्यांचे टक्के लिहून ठेवलेले आहेत. वाचताना पोटात ढवळतं, पण प्रत्येक मजुराच्या घरात ते माहीत असायला हवेत. एका हाताचा पंजा गेला तर ६० टक्के, अंगठा ३०, चार बोटं ५०, पहिलं बोट १४. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. महिन्याचा पगार बारा हजार धरला तर त्याचे साठ टक्के म्हणजे ७,२००. गुणकानं गुणलं की १४ लाख ९७ हजार, आणि पंजाचे साठ टक्के म्हणून त्यातले ८ लाख ९८ हजार. इथेही थांबायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात डावा हात गेलेल्या सुताराला पूर्ण निकामी धरलं, कारण एका हाताचा सुतार सुतारकाम करू शकत नाही. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देणं लागते, असंही त्याच निकालात म्हटलं. निकाल डिसेंबर १९७५ चा. पन्नास वर्षं झाली. उजवा हात गेलेला पोरगा पेंढी उचलू शकत नाही, विळा धरू शकत नाही, केळीचा घड खांद्यावर घेऊ शकत नाही. स्टॅम्पवरची रक्कम आणि ही रक्कम शेजारी ठेवून बघा.

पण भरपाई ही हात गेल्यानंतरची गोष्ट आहे. माझं खरं दुखणं त्याच्या आधीचं आहे.

भरपाईचा कायदा माणसं मोजत नाही. यांत्रिक शक्ती वापरून काहीही बनवण्याचं काम चालत असेल, ट्रॅक्टरनं किंवा विजेच्या यंत्रानं शेती होत असेल, तर एकटा मजूर असला तरी तो हक्कदार आहे. हात जाऊ नये म्हणून केलेला कायदा मात्र आधी डोकी मोजतो आणि मगच दारात पाऊल टाकतो. १९४८ चा कारखाने कायदा चांगला होता. फिरत्या भागाला मजबूत कुंपण हवं आणि यंत्र चालू असेतोवर ते जागेवर हवं, ही जबाबदारी त्यानं मालकावर टाकली. चालत्या पट्ट्याजवळ काम करायचं तर प्रशिक्षित माणूस, नोंदवहीत त्याचं नाव, आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकानं द्यायचे. जिनिंगबद्दल तर नियमांत वेगळं लिहिलं होतं. जमिनीखालून जाणाऱ्या लाइन शाफ्टला सलग भिंत किंवा चढता न येणारं कुंपण घाला, सरकी काढायला आणि तेल घालायला लागतील तेवढीच दारं ठेवा, आणि ती दारं कुलूपबंद ठेवा. ज्यानं हे लिहिलं त्यानं जिनखालच्या अंधारात तेलाचा डबा घेऊन वाकलेला माणूस पाहिला असणार. पण हे सगळं विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं असतील तर. कारखाने कायद्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या नव्या संहितेत कारखाना ठरायला वीस लागतात, आणि मालकाच्या सर्वसाधारण कर्तव्यांसाठीही दहा कामगारांची जागा लागते. थ्रेशरवर सहा-सात जण असतात. वेफरच्या शेडमध्ये चार. कुट्टी मशीनवर एक बाई.

खानदेशाला हे नवीन नाही, आणि मला याचाच राग जास्त येतो. १८८१ मध्ये देशातला पहिला कारखाने कायदा झाला तेव्हा त्यानं शंभर माणसांची अट घातली आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या जागा वगळल्या. आमची जिनं हंगामी. ती अलगद बाहेर राहिली. पुढे १८८४-८५ च्या मुंबई कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या जिनांची हकीकत आली. मार्च-एप्रिलच्या गर्दीत रात्रंदिवस काम, तेच हात आठ-आठ दिवस सलग, आणि त्यांत बहुतेक बायका. १८९१ मध्ये शंभराचे पन्नास झाले. हंगामी कारखान्यांपर्यंत कायदा पोचायला १९११ उजाडलं. तीस वर्षं आमच्या आज्या-पणज्या कायद्याच्या उंबरठ्याबाहेर सरकी वेचत होत्या. १९२२ मध्ये आकडा वीस झाला, १९४८ मध्ये विजेवरच्या जागांना दहा. सगळा प्रवास खालच्या दिशेनं होता. २०२० मध्ये आपण तो परत वीसवर नेला. छोट्या उद्योगांवरचं ओझं कमी व्हावं हे कारण दिलं गेलं. ओझं कमी झालं हे खरं, पण रोलरचा वेग कमी झाला नाही. पाच माणसांच्या शेडमधला पट्टा पन्नास माणसांच्या शेडमधल्या पट्ट्याइतकाच ओढतो.

सावद्याहून फैजपूर हाकेच्या अंतरावर. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, त्याची स्मारकं आहेत, भाषणं होतात. त्या अधिवेशनानं जो शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला त्यात शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी आणि कामाची योग्य परिस्थिती कायद्यानं मिळावी अशी मागणी होती. मजुरीचा कायदा झाला. कामाच्या परिस्थितीचं वाक्य तसंच पडून आहे.

थ्रेशरपुरता एक कायदा झालाही होता. १९८३ चा धोकादायक यंत्रे कायदा. उत्तरेकडे हरितक्रांतीत थ्रेशर वाढले आणि हात तुटायला लागले, तेव्हा संसदेनं तो केला. थ्रेशर बनवणाऱ्याला परवाना, मशीनवर सूचना, वापरणाऱ्यावर कर्तव्यं, मजुराच्या भरपाईची सोय. कागदावर सगळं आहे. इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, त्या कायद्याचं नाव घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये किंवा माझ्या ओळखीच्या कोणत्याही खळ्यावर एकही माणूस तपासायला आलेला नाही. गावोगावी आमच्यासारखे लोक थ्रेशर जोडतात, विकतात. पन्हळ किती लांब केली हे कोणी मोजत नाही. म्हणून जबाबदारीत आम्हा बनवणाऱ्यांनाही धरा, असं मी या धंद्यात राहून म्हणतो. झाकण बोल्टनं लावलं की पान्यानं निघतं. ते वेल्डिंगनं पक्कं केलं आणि घास अडणार नाही असा पन्हळीला उतार दिला, तर काढायची गरजच कमी होते. दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन आणि राजेश पटेल यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांतले अपघात बघून कुट्टी मशीनवर काम केलं होतं. बोटं आत जाण्याआधी हाताला कळावं म्हणून वेगळा रोलर, पात्यावर गार्ड, मशीन उभं असताना पोरांनी चाक फिरवू नये म्हणून खीळ. माझ्यासारख्या वेल्डरला जमेल असं काम आहे ते.

आता मालकाची बाजू. ती मला रोज ऐकू येते आणि ती खोटी नाही. थ्रेशरवाला म्हणजे कोणी कारखानदार नाही. बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला पोरगा असतो, डिझेल उधारीवर असतं. त्याच्यावर नऊ लाखांची भरपाई पडली तर ट्रॅक्टर जाईल, घर जाईल. म्हणूनच त्याला विमा हवा, आणि तो सक्तीचा हवा. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये कायदा करून मंडळं उभी केली. मालक रोज बदलतो म्हणून हमालाला कोणी वाली नव्हता, तर मजुरीवर लेव्ही बसवून मंडळच वाली केलं. थ्रेशरच्या प्रत्येक क्विंटलमागे थोडी लेव्ही बाजार समितीत कापली तर हप्ता निघेल. हरियाणात मंडी बोर्ड शेतकऱ्यासोबत शेतमजुरालाही अशा अपघाताची मदत देतं. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत दोन लाख मिळतात, एक हात गेला तर एक लाख, पण ते खातेदार शेतकऱ्याला किंवा त्याच्या घरातल्या एकाला. त्याच खळ्यावर, त्याच ड्रममध्ये हात गेलेला भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. सातबारा नसलेल्या माणसाचा हात कमी मोलाचा कसा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

विमा असला तरी दंड आणि खटला मालकावरच हवा. नाहीतर हप्ता भरला की गार्ड काढायला परवानगी मिळाली असं होईल. कारखाने कायद्याच्या जागी आलेल्या संहितेत मृत्यूला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड किंवा दोन्ही, आणि दंडातली किमान निम्मी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय काढू शकतं. तरतूद चांगली आहे. ती खळ्यापर्यंत आणायला नवा कायदाही नको. धोक्याचं काम असेल तर एका कामगारासाठीही संहिता लागू करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. थ्रेशर, कुट्टी मशीन, जिन आणि पीटीओवर चालणारं प्रत्येक अवजार त्या अधिसूचनेत घाला, एवढीच मागणी आमच्या खासदारांनी लावून धरावी. डोकी मोजायची असतील तर मजुरीच्या हजेरीत मोजा. गार्ड आहे की नाही हे बघताना शाफ्ट फिरतोय की नाही एवढं बघा.

तोवर माझ्या हातात जे आहे ते मी सुरू केलं आहे. दुरुस्तीला आलेल्या मशीनला गार्ड नसेल तर ते बसवल्याशिवाय मी मशीन सोडत नाही. बिलावर तारखेसह लिहितो: पन्हळीचं झाकण व शाफ्टचं कवच बसवून दिलं. खाली मालकाची सही घेतो. काही गिऱ्हाइकं त्यामुळे भुसावळला जाऊ लागली, जाऊ देत. त्या सहीनंतर ‘मला माहीत नव्हतं’ असं कोणाला म्हणता येणार नाही. बिलाची कार्बन प्रत माझ्याकडे राहते, आणि जळगावच्या कामगार न्यायालयात उभा राहणाऱ्या कोणत्याही मजुराच्या वकिलानं ती मागितली तर मी साक्षीसह देणार आहे.